परिचारिकेची मूल्यं आणि कामातलं समाधान: बेळगाव सीमाभागातल्या सिस्टर-ब्रदरना पडणारे प्रश्न

चोवीस वर्षं झाली वॉर्डात. आधी मेडिकल वॉर्ड, मग आयसीयू, आता इंचार्ज. खाली दिलेले प्रश्न मला वर्गात क्वचितच कुणी विचारले. ते आले चेंजिंग रूममध्ये युनिफॉर्म बदलताना, नाईट संपवून खानापूरच्या बसची वाट बघताना, कधी एखाद्या नव्या मुलीच्या आईच्या फोनवर. जसे आले तसेच घेतले आहेत. काही उत्तरं लांबली, कारण तिथं सांगण्यासारखं खूप आहे.

मॅडम, "वैयक्तिक मूल्यं" म्हणजे काय? पुस्तकातली व्याख्या पाठ आहे, पण कळत नाही.

एकाच ड्युटीला आलेल्या तीन सिस्टर बघ. पहिली आल्या आल्या इमर्जन्सी ट्रॉली उघडते, अॅड्रेनलिन आहे का, अंबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) नीट आहे का बघते. दुसरी आधी बेडमागून बेड फिरते, "आज्जी, झोप लागली का?" म्हणून विचारते. तिसरी फायली उघडून राहिलेल्या नोंदी शोधते. तिघीही चांगल्या आहेत. पण पहिलीला सुरक्षितता सगळ्यात मोठी वाटते, दुसरीला माणसाची आपुलकी, तिसरीला नियम आणि चोख काम. ज्या गोष्टीवाचून तुला कामच करवत नाही, ते तुझं मूल्य.

यावर अभ्यास करणाऱ्यांनी याद्याही केल्या आहेत. मिल्टन रोकीच यांनी १९७३ मध्ये १८ जीवनध्येयं आणि १८ वागण्याच्या रीती अशी मांडणी केली. शालोम श्वार्ट्झ यांनी १९९२ मध्ये दहा मूल्यांचं एक वर्तुळ मांडलं. त्यात परोपकार, सुरक्षितता, परंपरा, शिस्त पाळणं, स्वतःच्या विचारानं वागणं, यश, सत्ता अशी मूल्यं येतात. त्यांचं एक निरीक्षण मला फार पटतं. वर्तुळात शेजारी असलेली मूल्यं एकमेकांना धरून चालतात आणि समोरासमोरची एकमेकांना ओढतात. शिस्तीनं "मोठ्या डॉक्टरांना उलट विचारायचं नाही" असं शिकवलेलं असतं आणि आतला विचार म्हणत असतो, "हा डोस जास्त वाटतोय, विचार." ही ओढाताण प्रत्येक नवी सिस्टर अनुभवते.

तुझी मूल्यं कोणती हे शोधायचं असेल तर यादीवर खुणा करू नकोस. घरी जाऊन जेवण गेलं नाही अशी शेवटची ड्युटी आठव. त्या दिवशी काय तुडवलं गेलं होतं? ते तुझं मूल्य. मी असं शोधलं तेव्हा उत्तर आलं, चार्टवर खरं लिहिणं. त्याबद्दल पुढं सांगते.

पगार वाढला की समाधान वाढणारच ना?

पगार कमी असला की असमाधान नक्की येतं. पगार पुरेसा झाला की ते असमाधान जातं, पण तेवढ्यानं कामात गोडी येत नाही. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये हे सांगितलं. त्यांनी इंजिनिअर आणि हिशेबनीस लोकांना विचारलं होतं, नर्सेसना नाही. तरी वॉर्डात हे बरंचसं लागू पडतं. पगार, वरिष्ठांची वागणूक, ड्युटीची वेळ, नियम या एका बाजूच्या गोष्टी. आपण केलेलं काम फळाला आलं हे दिसणं, त्याची कुणी दखल घेणं, जबाबदारी मिळणं, पुढं शिकायला मिळणं या दुसऱ्या बाजूच्या.

पण या विचाराचा गैरवापर होताना मी पाहिला आहे. "नर्सला पैशानं समाधान मिळत नाही" असं म्हणत पगारवाढीची फाईल बाजूला ठेवली जाते. हे मला अजिबात मान्य नाही. पोट भरल्यावर माणूस अर्थ शोधतो. घरभाडं आणि पोराची फी भागत नसेल तर परोपकाराचं मूल्यसुद्धा झिजतं.

आकडे प्रत्येकीला माहीत असावेत. खाजगी रुग्णालयांतल्या नर्सेसच्या स्थितीबद्दल सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१६ मध्ये केंद्राला समिती नेमायला सांगितलं. त्या समितीनं शिफारस केली की २०० हून जास्त बेडच्या खाजगी रुग्णालयात राज्य सरकारच्या नर्सइतका पगार असावा. १०० ते २०० बेडच्या ठिकाणी तो सरकारी पगाराहून फार तर १० टक्के कमी चालेल, ५० ते १०० बेडला २५ टक्के कमी, आणि ५० हून कमी बेडच्या ठिकाणीही महिना २०,००० रुपयांखाली पगार नसावा. मी शिकवलेल्या मुलींपैकी कित्येकींची पहिली नोकरी यापेक्षा खूप कमी पगारावर सुरू झाली. मुलाखतीला जाताना हा आकडा डोक्यात घेऊन जा.

नर्सिंग ही सेवा आहे. मग समाधानाचा प्रश्न कुठून आला?

सेवा आहे, हे मी मनापासून मानते. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रुग्णांची सेवा करता करता गेल्या. आपण त्यांचं नाव घेतो ते उगाच नाही. पण १२ मे ला जिच्या फोटोला हार घालतो ती फ्लॉरेन्स नाइटिंगेल क्रिमियाच्या युद्धातून परतल्यावर काय करत होती ते बघा. ती आकडे मांडत होती, सांडपाणी, हवा, बेडमधलं अंतर यांवरून सरकारशी भांडत होती. सेवेला हात लागतात, वेळ लागतो, स्वच्छ पाणी आणि ग्लोव्हज लागतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. ज्या वॉर्डात या गोष्टी मिळत नाहीत तिथं सेवाभावाची आठवण फक्त नर्सलाच करून दिली जाते, आणि ते अन्यायाचं आहे.

मनानं चांगली असलेली सिस्टरच आधी का मोडते?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे.

माझ्या तिसऱ्या वर्षातली एक नाईट. मेडिकल वॉर्ड, ३८ बेड, जमिनीवर आणखी चार गाद्या, आणि आम्ही दोघी. त्यातली एक स्टुडंट. खानापूरकडची एक आज्जी सतरा नंबरच्या बेडवर होती. तिच्या समोर आणि बाजूला बायकांचेच बेड, पण रात्री नातेवाईक पुरुष भिंतीला टेकून बसलेले. मी जवळून गेले की ती म्हणायची, "बाई, जरा बस की गं माझ्याजवळ." मी म्हणायची, "आले हं आज्जी." एका सलाईनची सुई निघाली होती, एकाला झटके आले होते, एक नवीन अॅडमिशन दम लागलेलं. पहाटे पाचला टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घेत मी तिच्यापर्यंत पोचले तेव्हा तिचं लुगडं आणि चादर भिजली होती. तिला बेडपॅन हवं होतं. पुरुष बसलेले असताना मोठ्यानं मागायची तिला लाज वाटली होती, म्हणून ती मला फक्त जवळ बोलवत होती. मी पडदा ओढला आणि काहीच बोलू शकले नाही. तीच म्हणाली, "राहू दे बाई, तुला लई काम हाय."

मला ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री माझ्या हातून कुठलीही चूक झाली नव्हती. औषधं वेळेवर गेली, झटके आलेला माणूस वाचला, रिपोर्ट व्यवस्थित लिहिला. तरी मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. योग्य काय ते माहीत आहे, करायची इच्छा आहे, आणि परिस्थिती ते करू देत नाही, या अवस्थेला अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये नाव दिलं. मराठीत आपण नैतिक घुसमट म्हणू. ज्या सिस्टरला आज्जीच्या लाजेचं काही वाटत नाही तिला ही घुसमट होतच नाही. म्हणून मूल्यं जितकी घट्ट तितकी जखम खोल.

हे साचत गेलं की पुढची पायरी येते, बर्नआउट, म्हणजे कामानं आतून पार थकून जाणं. ख्रिस्तिना मॅस्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये त्याची तीन लक्षणं मोजायची पद्धत दिली: मन रिकामं होणं, समोरच्या माणसाकडे माणूस म्हणून न बघणं, आणि आपल्या हातून काहीच होत नाही असं वाटणं. दुसरं लक्षण वॉर्डात लगेच ओळखू येतं. "सतरा नंबर", "ते सीओपीडी" अशी बेडच्या नंबराची आणि आजाराच्या नावाची भाषा सुरू होते, आज्जी आणि मामा बोलण्यातून जातात. एखाद्या प्रेमळ सिस्टरच्या तोंडी असं ऐकू आलं तर तिला रागावू नका. ती स्वतःला वाचवतेय. तिला दोन दिवस ऑफ द्या आणि चहा घेऊन तिच्याजवळ बसा.

जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१९ मध्ये बर्नआउटला कामाच्या ठिकाणाशी जोडलेली स्थिती म्हटलं. म्हणजे उपाय फक्त सिस्टरच्या मनात शोधू नयेत, वॉर्डाच्या व्यवस्थेतही शोधावेत.

एका नर्सकडे किती पेशंट असायला हवेत?

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात जनरल वॉर्डात शिकवणाऱ्या रुग्णालयासाठी तिघांमागे एक आणि साध्या रुग्णालयासाठी पाचांमागे एक नर्स धरली आहे. आयसीयूत एकास एक. शिवाय रजा, आजारपण, बाळंतपण यांसाठी ३० टक्के जादा. माझ्या त्या रात्रीचा हिशेब तुम्हीच करा.

लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत, नर्सच्या वाट्याला एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढत होती. नर्सच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी आणि कामाबद्दलच्या असमाधानाची १५ टक्क्यांनी. तिकडचे आकडे इकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण आपलं समाधान आणि पेशंटचा जीव एकाच दोरीला बांधलेले आहेत, हे मॅनेजमेंटसमोर सांगताना हा अभ्यास कामाला येतो. मी वापरला आहे.

आमच्याकडे मराठी, कन्नड, उर्दू सगळं चालतं. भाषेचा आणि समाधानाचा काय संबंध?

फार जवळचा. बेळगाव, खानापूर, निपाणीचा पेशंट मराठी बोलतो, गोकाक-सौंदत्तीचा कन्नड, अथणी-चिकोडीकडचा दोन्ही. कारवारहून आलेला कोकणी. एका वॉर्डात हे सगळे शेजारी शेजारी असतात.

नवीन लागलेली एक मराठी मुलगी मला म्हणाली, "मॅडम, सहा नंबरचे मामा काहीतरी संकट आहे म्हणतायत, घरी काही झालं असेल." मी धावत गेले. मामा घामानं निथळत होते आणि छातीवर हात ठेवून म्हणत होते, "संकट आगतैतिरी." कन्नडमध्ये संकट म्हणजे अंगातली तगमग, जीव घाबरा होणं. आपल्या मराठीत तोच शब्द आपत्तीसाठी. लगेच ईसीजी काढला आणि डॉक्टरांना बोलावलं. उलटंही घडतं. येळ्ळूरची आज्जी म्हणते, "कसनुसं होतंय", "गरगराय लागलंय", आणि फक्त कन्नड जाणणारी सिस्टर प्रामाणिकपणे लिहिते, काही तक्रार नाही.

पेशंटचं ऐकून घेणं हे ज्या सिस्टरचं मूल्य आहे, तिला न कळणारी भाषा रोज टोचते. म्हणून सगळ्या मराठी मुलींना माझं आग्रहाचं सांगणं आहे, कन्नड नीट शिका. बोलायला नव्हे फक्त, लिहायलाही. सरकारी भरतीत शुश्रूषाधिकारी, म्हणजे नर्सच्या, पदासाठी कन्नड यावंच लागतं, हे खरं. पण त्याहून मोठं कारण तो घामानं भिजलेला मामा आहे. आणि तितक्याच आग्रहानं कन्नड मैत्रिणींना सांगते, दुखणं, कळ, भोवळ, मळमळ, ठसका, उमाळा हे पंचवीस-तीस मराठी शब्द शिका. आमच्या वॉर्डात औषधाच्या कपाटाच्या दारावर आम्ही दोन भाषांतला असा तक्ता चिकटवला आहे. मोडशी, पित्त, वायगोळा हे शब्द त्यात शेवटी आले, कारण त्यांच्या अर्थावरून आमच्यातच वाद झाला.

सीमेचा प्रश्न १९५६ पासूनचा आहे आणि प्रत्येकीच्या घरी त्याबद्दल काही ना काही मत आहे. माझंही आहे. ते मी गेटवर ठेवून आत जाते. बेडवरच्या माणसाला त्याच्या भाषेत "कुठं दुखतंय" विचारलं गेलं पाहिजे, मग ती भाषा कोणतीही असो. संमतीपत्रावर अंगठा घेण्याआधी त्यातला मजकूर त्याच्या बोलीत सांगणं हे मला माझं कर्तव्य वाटतं. ते करायला वेळ मिळाला त्या दिवशी मी समाधानानं घरी जाते.

डायपर, बेडपॅन, जखमा. घरचे म्हणतात हलकी कामं करतेस. मलाही कधी कधी तसंच वाटतं.

अरुणा शानबाग यांचं नाव ऐकलं असशील. त्या आपल्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरच्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ ला त्यांच्यावर तिथंच अत्याचार झाला आणि मेंदूला इजा झाली. १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षं, केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. त्यांना इच्छामरण द्यावं की नाही हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, त्याचा निकाल मार्च २०११ मध्ये लागला. त्या निकालात नोंद आहे की इतकी वर्षं अंथरुणावर असूनही अंगावर एकही बेडसोर (पडून राहिल्यानं होणारी जखम) नव्हता.

एकही बेडसोर नाही म्हणजे काय, हे नर्सलाच कळतं. दर दोन तासांनी कूस बदलणं. टाचा, माकडहाड, खवाटे, कोपरे हात फिरवून बघणं. चादरीची सुरकुती काढणं. लाल झालेली त्वचा बोटानं दाबून रंग परत येतो का पाहणं. ओलं कोरडं करणं. पिढ्या बदलल्या, त्यांना ओळखणाऱ्या सिस्टर निवृत्त झाल्या, नव्या आल्या, आणि हे काम चालू राहिलं. याला हलकं काम म्हणणाऱ्यांना हे सांग. घरच्यांना एकदा सांगून बघ, बहुतेक वेळा सूर बदलतो.

न घेतलेलं बीपी चार्टवर लिहायला सांगतात. काय करू?

लिहू नकोस.

मी लिहिलं आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षात, एका रुग्णालयात इन्स्पेक्शन होतं आणि आदल्या रात्री आठवड्याभराचे चार्ट पूर्ण करायला बसवलं. १२०/८०, १३०/८०, १२०/७० असं मी लिहीत गेले. तीन नाड्या, चार तापमानं, सगळी मनानं. हात थरथरत होता की नाही आठवत नाही, पण निळ्या शाईचं ते पान आजही डोळ्यांसमोर येतं. कुणाचं नुकसान झालं नाही. पण त्यानंतर मी स्वतः घेतलेल्या बीपीवरही काही दिवस माझाच विश्वास बसेना.

आज मी इंचार्ज म्हणून मुलींना सांगते, राहून गेलेली नोंद रिकामी ठेवा आणि बाजूला कारण लिहा: "अतितातडीच्या रुग्णामुळे घेता आलं नाही", वेळ, सही. रिकामी जागा बघून मला कुणी विचारलं तर उत्तर मी देईन. वरिष्ठाला "नाही" म्हणणं अवघड जातं तेव्हा एक वाक्य उपयोगी पडतं: "मॅडम, मी आत्ता घेऊन लिहिते." यात भांडण नाही आणि खोटंही नाही. तरी जबरदस्ती झालीच तर तारीख-वेळेसह स्वतःच्या वहीत टिपून ठेव आणि मेट्रनना (रुग्णालयातल्या मुख्य परिचारिकेला) लेखी दे. ज्या ठिकाणी हे रोजचंच आहे ते ठिकाण सोडायला माझी हरकत नाही.

नाईट ड्युटीमुळे लग्नाला अडचण येते, सासरी चालत नाही. मी स्वार्थी आहे का?

नाही. कुटुंब हेसुद्धा मूल्य आहे आणि काम हेसुद्धा. दोन्ही तुझीच आहेत म्हणून तर ओढाताण होते.

मला वर्षानुवर्षं दिसलेलं एवढंच की लपवून निभत नाही. स्थळ बघायला आलेल्यांसमोरच सांगावं, महिन्यात इतक्या नाईट असतात, सणाला सुट्टी मिळेलच असं नाही, पगार इतका आहे. ज्या घरांनी हे ऐकून होकार दिला तिथल्या मुली टिकल्या. आणि नाईटहून आल्यावर झोप ही चैन नाही. सकाळी आठला घरी येऊन भाकऱ्या, धुणं, पोरांची शाळा आणि दुपारी दोन तास झोप अशा दिनक्रमात माझ्या एका मैत्रिणीनं स्कूटर दुभाजकावर घातली. नशिबानं हातावर निभावलं.

बाळंतपणाची २६ आठवडे भरपगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी कायद्यानं आहे, २०१७ पासून. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सोय करणंही बंधनकारक आहे. मागताना ओशाळायचं कारण नाही.

मी ब्रदर आहे. हे सगळं बायकांसाठीच लिहिता का?

मुळीच नाही. ब्रदरना वेगळी घुसमट असते. स्त्री रुग्णाच्या जवळ जाताना संशय, आणि जड पेशंट उचलायला, दंगा करणाऱ्या नातेवाइकाला आवरायला मात्र प्रत्येक वेळी त्यांनाच हाक. ज्याला हळुवारपणे शुश्रूषा करायची आहे त्याला नुसतं अंगबळासाठी वापरलं तर त्याचं समाधान कुठून राहणार?

नातेवाईक अंगावर येतात तेव्हा कसली मूल्यं?

भीतीत मूल्यं राहत नाहीत, म्हणून आधी सुरक्षा. आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्याविरुद्ध कर्नाटकात २००९ चा आणि महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे आणि नर्सेस दोन्हीत येतात. तक्रार रुग्णालयानं दिली पाहिजे, एकट्या सिस्टरवर सोडू नये. एवढं मात्र पाहिलं आहे, दर तासाला कुणीतरी येऊन दोन वाक्यं सांगितली तर बहुतेक दंगे होतच नाहीत. ते सांगायला माणूस लागतं. पुन्हा तेच संख्याबळ.

इंचार्ज आणि मेट्रन यांच्या हातात काय आहे? पगार तर तुम्ही ठरवत नाही.

पुष्कळ आहे. ड्युटी लिस्ट हा माझ्या हातातला सगळ्यात मोठा कागद.

आमच्याकडे गणपतीला मराठी मुलींना घरी जायचं असतं, गौरी जेवणाला तर हवंच. उगादी आणि पाडवा एकाच दिवशी. रमजानमध्ये रोजा धरणाऱ्या मुलीला इफ्तारच्या वेळी दहा मिनिटं हवीत. नाताळला ख्रिश्चन मुलींना पहाटेची प्रार्थना. शुक्रवारी यल्लम्मेचं करणाऱ्याही आहेत. पूर्वी लिस्ट वरून लागायची आणि रडारड व्हायची. आता मी दोन महिने आधी कोरा कागद भिंतीवर लावते, प्रत्येकीनं वर्षातले आपले दोन दिवस लिहायचे, ते मी काही झालं तरी सोडते. बाकीचं त्या आपसात ठरवतात. मुस्लिम सिस्टर गौरीच्या दिवशी ड्युटी घेते, ईदला तिच्या जागी मराठी मुलगी उभी असते. जिच्या श्रद्धेला जागा मिळाली ती दुसरीच्या श्रद्धेसाठी आपणहून थांबते.

दुसरी गोष्ट, कष्टाला माणूस तितकं घाबरत नाही. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात हायवे बंद झाला, निपाणीकडच्या सिस्टर येऊ शकल्या नाहीत, आणि असलेल्यांनी दीड-दोन दिवस सलग काढले. त्या दिवसांबद्दल कुणी तक्रार करताना मी ऐकलं नाही. डॉक्टर, मावशी, वॉर्डबॉय, सिस्टर सगळे एका पातेल्यातली खिचडी खात होते, कोण काय करतंय ते सगळ्यांना दिसत होतं, आणि कुणी कुणाला "तुझं काम नाही का हे?" म्हटलं नाही. पाणी ओसरल्यावर आठवड्याभरात जुन्या कुरबुरी परत आल्या. त्यावरून मी एक सवय लावून घेतली. ओव्हर, म्हणजे आधीच्या ड्युटीकडून वॉर्ड ताब्यात, घेताना आधी विचारते, रात्री चांगलं काय झालं? सुरुवातीला मुली गप्प बसायच्या. आता सांगतात, "बारा नंबरनं पहिल्यांदा स्वतः पाणी प्यायलं."

समाधान मोजता येतं का? आम्हाला प्रोजेक्ट करायचा आहे.

येतं. पॉल स्पेक्टर यांची १९८५ ची प्रश्नावली खूप वापरली जाते. ३६ विधानं, नऊ बाजू: पगार, बढती, वरिष्ठ, सवलती, कौतुक, कामाचे नियम, सहकारी, कामाचं स्वरूप, संवाद. मूल्यांसाठी श्वार्ट्झ यांची प्रश्नावली जोडता येईल. दोन सूचना आहेत. प्रश्न मराठीत आणि कन्नडमध्ये द्या, आणि भाषांतर दुसऱ्याकडून उलट इंग्रजीत करून अर्थ तोच राहतो का ते तपासा. आणि फॉर्म इंचार्जनं गोळा करू नयेत. माझ्या हातात देताना कुणीही माझ्याबद्दल खरं लिहिणार नाही.

इथंच राहावं, की कोल्हापूर, मिरज, पुणे, गोवा, नाहीतर परदेश?

आधी कागद. आपली नोंदणी कर्नाटक राज्य परिचर्या परिषदेची. महाराष्ट्रात किंवा गोव्यात काम करायचं तर तिथल्या परिषदेची नोंदणी लागते आणि कागदांच्या पडताळणीला वेळ जातो. नोकरी ठरण्याआधीच अर्ज टाका.

मग स्वतःला विचारा की काय शोधताय. शिकायला मिळावं हे मोठं मूल्य असेल तर मोठ्या शहरातल्या आयसीयूत दोन-तीन वर्षं जरूर काढा. पैशाची गरज खरी असेल तर परदेशात जाण्यात कमीपणा नाही, इथून गेलेल्या मुलींच्या पैशावर धाकट्या भावंडांची शिक्षणं झालेली मी पाहिली आहेत. आईवडील, शेत, आपली माणसं हे आधी येत असेल तर इथं राहण्यातही कमीपणा नाही. कागलहून रोज सीमा ओलांडून येणारी माझी एक सहकारी २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, कोगनोळी नाक्यावर आयकार्ड दाखवून, रांगेत थांबून येत राहिली. तिला पुण्याहून बोलावणं होतं. ती म्हणायची, इथल्या म्हाताऱ्या मला नावानं ओळखतात.

खूप प्रयत्न केले, तरी समाधान नाही. सोडू का?

नोकरी सोडायची की पेशा, हे आधी वेगळं कर. वॉर्ड बदलून बघितलास का? आयसीयूत गुदमरणारी मुलगी डायलिसिसमध्ये फुललेली मी पाहिली, कारण तिथं तेच पेशंट आठवड्यातून दोन-तीनदा येतात आणि तिला ओळख हवी होती. बडबडी मुलगी ऑपरेशन थिएटरमध्ये कोमेजली होती, लसीकरणाला गेल्यावर सुधारली. प्राथमिक आरोग्य केंद्र, शाळा, शिकवणं, पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारात त्रास कमी करणारी शुश्रूषा) असे अनेक दरवाजे आहेत.

झोप उडाली असेल, ड्युटीच्या आधी पोटात गोळा येत असेल, जगणं नको वाटत असेल तर आज मला किंवा घरच्या कुणाला सांग आणि मानसोपचार डॉक्टरांना भेट. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठी-कन्नड दोन्हीत बोलता येतं.

आणि राजीनामा लिहायचाच असेल तर नाईटहून आल्या आल्या लिहू नकोस. झोप, आंघोळ कर, जेव. संध्याकाळी ये, चेंजिंग रूमच्या बाहेरच्या बाकावर मी साडेसहापर्यंत असते.